मदत हवी आहे: इलेक्ट्रोलाइट कमी केला की लिथियम-सल्फर सेलचा दुसरा प्लॅटो (डिस्चार्जमध्ये व्होल्टेज स्थिर राहतं तो टप्पा) जातो

२०३२ आकाराचे कॉइन सेल. इलेक्ट्रोलाइट नेहमीचाच: डीओएल-डीएमई (दोन ईथर द्रावक) १:१, १ मोलर एलआयटीएफएसआय (लिथियमचा क्षार), २ टक्के लिथियम नायट्रेट (लिथियम इलेक्ट्रोडचं रक्षण करणारं). दर मिलिग्रॅम सल्फरमागे १५ मायक्रोलिटर असताना २.३ आणि २.१ व्होल्टचे दोन्ही प्लॅटो स्वच्छ दिसतात. ५ मायक्रोलिटरवर आणलं की २.१चा प्लॅटो खाली घसरतो आणि सेल लगेच कटऑफला (डिस्चार्ज थांबवतो त्या व्होल्टेजला) पोचतो. विरघळलेल्या पॉलिसल्फाइडमुळे (लिथियम-सल्फरची मधली संयुगं) द्रावण घट्ट होतं, आयन अडखळतात, हे दिसतंच आहे. कटऑफ १.८ व्होल्टच्या फार खाली नेणं धोक्याचं, कारण मग नायट्रेटच कॅथोडवर क्षपण पावून संपत जातं.

डीएमईचा काही भाग काढून टीटीई (फ्लोरिनयुक्त ईथर) घातला तर शटल (पॉलिसल्फाइडची दोन इलेक्ट्रोडमधली ये-जा) आवरेल, पण पॉलिसल्फाइड कमी विरघळल्याने अभिक्रिया आणखी मंदावेल ना? नायट्रेट वाढवणं बरं का? दर मिलिग्रॅम सल्फरमागे ५ मायक्रोलिटरच्या आत सेल चालवलेल्यांनी इलेक्ट्रोलाइटचं प्रमाण, सल्फर लोडिंग (इलेक्ट्रोडच्या दर क्षेत्रफळामागे सल्फर) आणि सी-रेट (चार्ज-डिस्चार्जचा वेग) कृपया कळवावेत.