रक्तात एम-प्रोटीन निघालंय आणि पायातला जोर गेलाय, कुणाला असा अनुभव आहे का?

नळस्टॉपचा_काका:
नमस्कार मंडळी. वय ६२, बँकेतून रिटायर, कोथरूडला राहतो. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही तळव्यांना मुंग्या यायला लागल्या, मग बधिरपणा, आता तो घोट्याच्या वर आलाय. घरात फरशीवर चालतो तर पायाखाली सतरंजी अंथरल्यासारखं वाटतं. परवा कर्वे रोडला चप्पल पायातून निघून मागे राहिली ते मला कळलंच नाही, एक मुलगा काका काका करत ती घेऊन धावत आला तेव्हा खाली बघितलं. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, बेसिन घट्ट धरावं लागतं. दर रविवारी पर्वती चढायचो, ते बंद झालं.

सुरुवातीला एका ठिकाणी मणका सांगितला, एमआरआय, ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा, आठ महिने त्यात गेले. मग दुसऱ्या फिजिशियननी सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघायची टेस्ट, करायला लावलं त्यात एम-बँड, म्हणजे एम-प्रोटीनची पट्टी दिसली, पुढच्या टेस्टमध्ये त्याचा प्रकार आयजीएम कप्पा आला. रक्ताचे डॉक्टर म्हणतात हे एमजीयूएस आहे, म्हणजे एम-प्रोटीन आहे पण कॅन्सर नाही, सहा महिन्यांनी या. नसांचे डॉक्टर म्हणतात न्यूरोपॅथी आहे, म्हणजे नसा खराब झाल्यात, प्रीगाबालिन ही नसांच्या त्रासाची गोळी चालू ठेवा. दोघं आपापल्या जागी नीट सांगतात पण माझा प्रश्न मधेच राहतो, रक्तातल्या ह्या गोष्टीचा आणि पायाचा संबंध आहे का? आणि ज्यांना हे आहे ते घरात कसं निभावतात? रात्री मी उठलो की बायको पण उठून बसते, तिची झोप गेलीये.

वनाज_लेक:
काका, आमच्या बाबांचं अगदी हेच, ते ७१ चे आहेत. संबंध असू शकतो पण असेलच असं नाही, आणि ते ठरवून घेणं हेच आत्ता तुमचं काम. आम्हाला सांगितलं ते असं, की पेशींचा एक गट वाढतो आणि एकाच साच्यातली अँटीबॉडी सोडत राहतो, तेच एम-प्रोटीन. पन्नाशीच्या पुढे शंभरात साधारण ३ जणांना ते असतं, बहुतेकांना त्रास होत नाही, पुढे मोठा आजार होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण १ टक्का. म्हणजे पायाचं कारण वेगळंच असून एम-प्रोटीन नुसतं सोबतीला सापडलं असंही होतं. पण तुमचं आयजीएम आहे, आणि ते कधीकधी नसांवरच्या आवरणातल्या मॅग नावाच्या प्रथिनाला चिकटतं. मग हळूहळू, वर्षानुवर्षं, आधी तळवे बधिर, मग तोल, काहींचे हात थरथरतात. त्याची अँटी-मॅग टेस्ट असते, एनसीव्हीचा, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो त्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवून न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा.

बाबांची पॉझिटिव्ह आली. रिटक्सिमॅब दिलं, ते अशी अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करायचं औषध. ते सगळ्यांना लागू पडत नाही हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. बाबांचे तळवे अजून बधिरच आहेत, पण चहाचा कप बशीवर खडखडायचा तो थांबला आणि दीड वर्षात त्रास वर सरकला नाही, आम्हाला एवढंही खूप आहे.

आणि एक, आम्ही एका कागदावर तारखेप्रमाणे सगळं लिहिलं, मुंग्या कधी, एम-प्रोटीन किती, एनसीव्ही कधी. दोन्ही डॉक्टरांना हात जोडून म्हटलं की दुसऱ्यांसाठी चार ओळी लिहून द्या. दोघांनी दिल्या. त्या चार ओळींनंतरच गाडी पुढे सरकली.

फिजिओ_सिंहगडरोड:
डोळे मिटल्यावर तोल जातो कारण पाय जमिनीवर कसा टेकलाय ही खबर नसांतून वर पोचत नाही, म्हणून तुमचे डोळे ते काम करतायत. अंधारात डोळेही गेले की माणूस पडतो. त्यामुळे आजच पलंगापासून संडासापर्यंत छोटे दिवे लावा, रात्रभर चालू राहू देत, काकूंचीही झोप थोडी सुधारेल. सुटी पायपुसणी उचलून टाका. अंघोळ स्टुलावर बसून, भिंतीला दांडा ठोकून घ्या, टॉवेलचा रॉड धरू नका, तो वजन घेत नाही. स्लिपर बंद, मागे पट्टा असलेली सँडल. रोज रात्री तळवे आरशात बघा, खडा रुतलेला पण कळणार नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, चटका बसला तरी समजत नाही, असे फोड घेऊन लोक माझ्याकडे आलेत. पाऊल पुढून खाली लोंबत असेल, चवड्याला ठेच लागत असेल तर एएफओ स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार मिळतो, पण मापाने बनवून घ्या. कठडा धरूनच जिना, चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

धायरीची_मावशी:
भाऊ, बी-१२ बघितलंत का? मला पण पायाचं असंच झालं होतं, आम्ही पूर्ण शाकाहारी आणि वर मी शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेते, तिने पण बी-१२ कमी होतं. माझं तेवढंच निघालं, इंजेक्शनांनी बरंच सुधारलं. पण मनानेच ताकदीच्या गोळ्यांचा मारा करू नका, बी-६ जास्त दिवस जास्त घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात, पाकिटामागे प्रमाण वाचा.

वनाज_लेक:
मावशी बरोबर बोलल्या. काका, अजून एक राहिलं. वजन उतरणं, उभं राहिल्यावर चक्कर, लघवीला फेस, किंवा काही आठवड्यांतच जोर झपाट्याने जाणं, यातलं काही दिसलं तर सहा महिने थांबू नका, लगेच दाखवा, मग वेगळ्या तपासण्या लागतात.

नळस्टॉपचा_काका:
सगळ्यांचे मनापासून आभार. बी-१२ नॉर्मल आहे, वजन पण तेवढंच आहे. काल दिवे लावले, पायपुसणी उचलली, ही रात्री एकदाच जागी झाली. कागद लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मुंग्या पावसाळ्यात नाही, त्याच्याही आधी मार्चमध्ये सुरू झाल्या होत्या, पर्वती उतरताना बुटात वाळू गेल्यासारखं वाटायचं, मी दोनदा बूट काढून झटकला होता. ते पण लिहिलं. गुरुवारी न्यूरोलॉजिस्टकडे जातोय, अँटी-मॅगचं विचारतो आणि इथे कळवतो.