‘टिपिकल मीटिऑरॉलॉजिकल इयर’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा : पणजीतील एका नियोजित वाचनालयाच्या ऊर्जावापराचे सिम्युलेशन (संगणकावर केलेला अंदाज) करण्यासाठी जी हवामानाची फाइल सिद्ध करावी लागते, तिच्याविषयी मी मराठीत टिपण लिहीत आहे. वरील संज्ञेसाठी ‘सरासरी हवामान वर्ष’ योग्य ठरेल का? ‘सोलर रेडिएशन’ला किरणोत्सर्ग म्हणावे का?

उत्तर : ‘सरासरी’ हा शब्द कृपया टाळावा, कारण त्याने अर्थाचा विपर्यास होतो. अनेक वर्षांच्या नोंदी तपासून प्रत्येक महिन्यासाठी त्याच्या दीर्घकालीन स्वरूपाशी सर्वाधिक जुळणारा, प्रत्यक्ष घडून गेलेला एक महिना निवडतात. त्यामुळे जानेवारी एका वर्षाचा आणि जून दुसऱ्याच वर्षाचा असू शकतो. असे बारा महिने जोडून ८,७६० तासांचे वर्ष उभे राहते. तासातासाची सरासरी काढली असती, तर जूनमधला मुसळधार पावसाचा दिवस आणि त्यालगतची उघडीप एकमेकांत विरघळून महिनाभर एकसारखे अर्धवट ढगाळ आकाश उरले असते, आणि तसा जून गोव्यात कोणी पाहिलेला नाही. म्हणून ‘प्रातिनिधिक हवामान वर्ष’ असे लिहावे. मात्र यात टोकाचा उन्हाळा सापडेलच असे नाही, हेही टिपणात नोंदवावे. वातानुकूलन यंत्राची क्षमता ठरवण्यासाठी वेगळी आकडेवारी वापरतात.

किरणोत्सर्ग म्हटले की वाचकाला अणुभट्टी आठवते. येथे ‘सौर प्रारण’ हवे, आणि त्यातही ‘थेट’ व ‘विसरित’ (आकाशात विखुरलेले) हा भेद काटेकोरपणे पाळायला हवा. पावसाळ्यात ढगांमुळे बहुतांश प्रारण विसरित असते, आणि छज्जा थेट ऊन जितके अडवतो तितके हे आकाशभर पसरलेले प्रारण अडवू शकत नाही.

पुरवणी : वेळेच्या रकान्याला ‘स्थानिक वेळ’ असे शीर्षक देऊ नये, ‘भारतीय प्रमाण वेळ’ असेच लिहावे. प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पणजी सुमारे ७३.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पणजीची सौर वेळ, म्हणजे सूर्याच्या स्थानावरून ठरणारी वेळ, जवळजवळ ३५ मिनिटे मागे पडते. हा फरक सॉफ्टवेअर रेखांशावरून स्वतःच काढते, त्यामुळे कोणी ‘स्थानिक’ या शब्दावर विसंबून नोंदी आधीच सरकवल्या, तर दुरुस्ती दोनदा होते आणि पश्चिमेच्या खिडक्यांवरील दुपारच्या उन्हाचे गणित चुकते. उपग्रहाधारित प्रारणाच्या नोंदी बहुधा जागतिक वेळेत मिळतात. त्यांत साडेपाच तास मिळवताना जो अर्धा तास उरतो, त्यासाठी लगतच्या दोन तासांच्या नोंदींतून मूल्य काढावे लागते.

वाऱ्याच्या दिशेबाबतही असेच. फाइलीतील २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. ‘पश्चिमेकडील वारा’ असे मोघम न लिहिता ‘पश्चिमेकडून’ हेच लिहावे. दुपारचे खारे वारे खोल्यांत खेळवायचे असतील, तर झडपा कोणत्या भिंतीत ठेवायच्या हे त्यावरच ठरते.