मेलच्या हेडरमधून पाठवणाऱ्याचा आयपी काढायचाय, स्क्रिप्ट दोन हजार पत्ते देते

सेवाकेंद्र_वरुड

नमस्कार मंडळी. मी वरुड तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, असलीच कामं. गावच्या शेतकरी कंपनीचा मेलही मीच पाहते, कारण अध्यक्ष काकांना पासवर्ड लक्षात राहत नाही.

आंबिया बहाराची तोड ऐन भरात होती. संत्र्याचे कॅरेट आम्ही बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतो. नोव्हेंबरात त्याच्या नावानं मेल आला की जुनं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, अ‍ॅडव्हान्स या नव्या खात्यात टाका. बिलाचा नमुना तोच, खालचा शिक्काही तोच. काकांनी ४२ हजार टाकले. चार दिवसांनी खऱ्या व्यापाऱ्याचा फोन, "काय काका, अ‍ॅडव्हान्स कधी टाकता?"

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली, ठाण्यातही लिहून दिलं. तिथले हवालदार दादा समजदार निघाले. म्हणाले, प्रिंट नको, मेलची मूळ फाइल आणा, आणि हेडरमधून (मेल कुठून कसा आला याची वरची नोंद) तो कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरचा पत्ता) आला ते निघत असेल तर तेही द्या.

म्हणून गूगल टेकआउटवरून कंपनीचा अख्खा मेलबॉक्स एमबॉक्स फाइलमध्ये (सगळे मेल एकाच फाइलीत) उतरवला. ६१२ मेल. पायथन मला बीसीएला होतं तेवढं येतं. स्क्रिप्ट साधीच केली: फाइल ओळीओळीनं वाचायची, एक ते तीन अंक आणि टिंब असा चार जोड्यांचा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) लावायचा, सापडेल ते सीएसव्हीत (तक्त्याच्या फाइलीत) टाकायचं. सीएसव्हीत दोन हजारांवर ओळी आल्या. त्यात १० ने सुरू होणारे पत्ते आहेत, १९२.१६८ वाले आहेत, १२७.०.०.१ तर पैशाला पासरी. एका मेलमध्ये १५.१.२२५.४२ निघाला, तो कुणाचा ते कळत नाही. काही ठिकाणी २००२ ने सुरू होणारे लांबलचक पत्ते दिसतात, ते रेजेक्समध्ये येतच नाहीत.

आणि मुख्य घोटाळा असा: काकांनी तो मेल मला त्यांच्या मोबाइलवरून फॉरवर्ड केला होता, त्यात २०९.८५.२२०.४१ निघाला. आयपी शोधायच्या साइटवर टाकला तर कॅलिफोर्निया. मी हे काकांसमोर बोलले, हीच चूक झाली. संध्याकाळपर्यंत पारावर पोचलं की आपले पैसे अमेरिकेवाल्यानं नेले.

यातला खरा पाठवणारा कोणता, हे स्क्रिप्टला कसं सांगायचं?

काळी_माती

ताई, मीनं बी पयले असंच केल्लं होतं, ग्रेप (ओळी शोधायची कमांड) मारून. ओळीओळीनं वाचाल तं फसाल. हेडरची एक नोंद दोन-तीन ओळींत मोडून येते, खालची ओळ स्पेस नाई तं टॅबनं सुरू होते. नाव एका ओळीत अन् आयपी दुसऱ्या ओळीत गेला का कोणता कोणाचा, काईच समजत नाई. पायथनमध्ये मेलबॉक्स नावाचं मॉड्यूल हाये, एमबॉक्स त्यालेच वाचू द्या. हाताने कायले फोडता?

अन् फॉरवर्ड केलेला मेल हेडरसाठी काई कामाचा नाई. त्याचं हेडर काकाच्या फॉरवर्डचं हाये. २०९.८५ म्हणजे गूगलचाच सर्व्हर. तुमी काकालेच पकडून रायले!

मेलसर्व्हर_नागपूर

वरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर. थोडं पुढचं सांगतो. बसमध्ये आहे, मोबाइलवर टाइप करतोय, त्यामुळे कोड शब्दांतच.

मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली एक रिसीव्ड नोंद सगळ्यात वर चिकटवतो. म्हणजे सगळ्यात वरची नोंद सगळ्यात ताजी आणि तळाची सगळ्यात जुनी. बरेच जण म्हणतात तळाची घ्या, तोच पहिला पाठवणारा. फसवणुकीच्या मेलमध्ये नेमकं हेच करायचं नाही, कारण तळाच्या नोंदी पाठवणाऱ्याला स्वतः लिहून जोडता येतात. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरनं जी नोंद लिहिली तेवढीच विश्वासाची.

त्या नोंदीतही दोन गोष्टी असतात. फ्रॉम या शब्दानंतरचं नाव पाठवणाऱ्यानं जोडणी करताना स्वतः सांगितलेलं असतं, त्याला हेलो म्हणतात. पुढे चौकटी कंसात जो आयपी असतो तो घेणाऱ्या सर्व्हरनं स्वतः पाहिलेला असतो. ताईंना बाजार समिती माहीत असणारच. शेतकरी म्हणतो माल दहा क्विंटल, पण हिशोब काटापट्टीवरच्या आकड्यानं होतो. चौकटी कंस म्हणजे काटापट्टी. टीसीपीत (इंटरनेटवर जोडणी करायची पद्धत) जोडणी व्हायला उत्तर परत त्याच पत्त्यावर पोचावं लागतं, म्हणून तिथं खोटा पत्ता देणं फार अवघड.

तेव्हा स्क्रिप्ट अशी करा. प्रत्येक मेलच्या सगळ्या रिसीव्ड नोंदी पायथनच्या गेट-ऑलनं घ्या, प्रत्येकीतल्या नव्या ओळी आणि टॅब काढून एक स्पेस ठेवा. वरून खाली या. जी पहिली नोंद फ्रॉमनं सुरू होते आणि जिच्यात घेणारा एमएक्स डॉट गूगल डॉट कॉम (तुमचा, म्हणजे गूगलचा, मेल घेणारा सर्व्हर) आहे, तिथं थांबा. फक्त चौकटी कंसातलं उचला. तुमचे २००२ वाले पत्ते गूगलच्या आतल्या आत होणाऱ्या हस्तांतराचे आहेत, त्या नोंदी फ्रॉमनं सुरू होत नाहीत म्हणून आपोआप गळतील. १५.१.२२५.४२ हा आयपीच नाही! मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज २०१६ या मेल सर्व्हरच्या पहिल्या आवृत्तीचा तो नंबर आहे, त्याच्या आधी आयडी असा शब्द असेल बघा. रेजेक्सला काय कळणार, चार आकडे दिसले की झालं.

उचललेला मजकूर आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलला द्या, तो आयपीव्ही४ (चार आकड्यांचे) आणि आयपीव्ही६ (लांबलचक) दोन्ही पत्ते ओळखतो. मग तुमचे ते १० आणि १९२.१६८ वाले खासगी, म्हणजे आतल्या जाळ्यापुरते, पत्ते गाळताना इज-प्रायव्हेट (खासगी आहे का) न विचारता इज-ग्लोबल (सार्वजनिक आहे का) विचारा. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे अनेक ग्राहक ठेवताना १००.६४ पासूनचा पट्टा वापरतात, तो पायथनच्या मते खासगीही नाही आणि सार्वजनिकही नाही.

आणि एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. समोरच्यानं ब्राउझरमधून जीमेल वापरलं असेल तर त्याच्या घरचा आयपी हेडरमध्ये येतच नाही, गूगलचाच येतो.

संत्रा_बाग

ते आयपी-बियपी ठीक, पण ४२ हजार येतील का परत? उगाच रात्र जागून काय उपयोग.

सेवाकेंद्र_वरुड

दादा, पैशाचं बँक आणि पोलीस बघतील. मला एवढंच पाहायचंय की आमच्या डब्यात अजून असं काही पडून आहे का.

नागपूरवाले सर, तुम्ही सांगितलं तसं सगळं लिहिलं. तपासायला एक खोटा मेल बनवला, त्यात इंटरनेटवर उदाहरणात दिसलेला २०३.०.११३.२५ टाकला. स्क्रिप्ट काहीच देत नाही, रकाना कोरा. दीड तास डोकं आपटलं, मध्ये दोनदा लाइन गेली. कंस बरोबर आहे, नोंद बरोबर आहे. कुठं चुकतंय?

मेलसर्व्हर_नागपूर

हाहा, स्क्रिप्ट बरोबर आहे, उदाहरण चुकलं. २०३.०.११३ हा पट्टा २०१० च्या आरएफसी ५७३७ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) नं फक्त पुस्तकातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलाय. १९२.०.२ आणि १९८.५१.१०० पण तसेच. इज-ग्लोबल त्यांना नाही म्हणणारच. ८.८.८.८ हा खरा सार्वजनिक पत्ता टाकून बघा.

वेळेचा रकानाही घाला. रिसीव्ड नोंदीत शेवटच्या अर्धविरामानंतर वेळ असते, पण गूगल ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची लिहितो. पोलिसांना आयपीसोबत अचूक वेळ लागते, नुसत्या आयपीवरून इंटरनेट कंपनी ग्राहक सांगू शकत नाही. ईमेल-युटिल्समधलं पार्सडेट-टू-डेटटाइम वापरा, हातानं तास मोजू नका. आणि फ्रॉम, रिप्लाय-टू (उत्तर कुठं जाईल), रिटर्न-पाथ (न पोचलेला मेल कुठं परत जाईल) हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवा.

सेवाकेंद्र_वरुड

८.८.८.८ लगेच आला. मग सगळा एमबॉक्स चालवला, दोन हजारांऐवजी आता मेलमागे एक ओळ.

व्यापाऱ्याच्या नावाचे ४३ मेल आहेत. ४१ गूगलच्या पत्त्यांवरून, कारण तो जीमेलवालाच. दोन मेल तिसऱ्याच पत्त्यावरून, हुइज (पत्ता कुणाच्या नावावर आहे ते) पाहिलं तर तो भाड्यानं मिळणारा सर्व्हर आहे. त्या दोन मेलमध्ये फ्रॉमचं नाव हुबेहूब, पण डोमेनमध्ये इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटून. मोबाइलवर काकांना काय, मलाही दिसलं नसतं. एसपीएफ (या डोमेनच्या नावानं मेल पाठवायला या सर्व्हरला परवानगी आहे का, ही तपासणी) पास लिहिलेलं होतं तेव्हा आधी गोंधळले, मग लक्षात आलं की डोमेन फसवणाऱ्यांचंच, सर्व्हरही त्यांचाच, मग पास होणारच.

वेळेचं तुम्ही सांगितलं ते बरं झालं. हेडरमध्ये रात्रीचे २१:४० आणि उणे ०८०० (जागतिक वेळेच्या आठ तास मागे). आम्ही तक्रारीत "रात्री आलेला मेल" असं लिहून बसलो होतो. आपल्या वेळेनं तो दुसऱ्या दिवशी सकाळी ११:१०, म्हणजे काका मोंढ्यात गाडी भरत होते तेव्हा. तक्रारीत दुरुस्ती दिली. सीएसव्ही आणि दोन्ही मेलच्या मूळ फाइली पेन ड्राइव्हवर देऊन आले.

मग त्याच आयपीवर सीएसव्ही चाळली तर तिसरा मेल निघाला. संत्र्यांना मेण लावणाऱ्या वॅक्सिंग सेंटरच्या नावानं, न उघडलेला, "आमचं खातं बदललं आहे." त्यांचं बिल शुक्रवारी भरायचं होतं. काकांना फोन केला तर म्हणाले, "हे बी अमेरिकेवालेच का?"