आबांचं इसबगोल: रोज घेतलं तर चालतंय काय?

रंकाळ्याचा_वारा
मंडळी एक विचारायचं होतं. आमचे आबा ६६ वर्षांचे, बीपीची आणि थायरॉईडची गोळी चालू हाय. दोन महिने झाले पोट साफ होईना म्हणून कट्ट्यावरच्या दोस्ताचं ऐकून सत इसबगोल आणलं. पद्धत अशी की सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी आणि तिच्याच मागनं दोन मोठे चमचे इसबगोल, वरनं अर्धी वाटी पाणी, झालं. आता पोट गच्च, नुसता गुबारा धरलाय आणि जायचं तर पहिल्यापेक्षा कमी. आई म्हणते सवय लागंल, सोडा ते. आबा म्हणतात झाडपाल्याचंच हाय, त्यानं काय हुतंय. रोज सकाळी ह्यावरनं भांडण आणि मधी मी.

झणझणीत_कट
अर्धी वाटी पाणी?? अरे भावा ते गोंदासारखं फुगतंय. मी एकदा शहाणपणा करून कोरडंच तोंडात टाकलं, घशात असा गोळा बसला की बायकोनं पाठीत बुक्क्या घातल्या तवा खाली गेला. मोठा पेला भरून पाणी पाहिजेच, नी कालवलं की लगेच प्यायचं, ठेवलं की खीर होतीय.

गोळीवाला_शाहूपुरी
मेडिकलच्या काउंटरवर बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा लांबण लावतो. इसबगोल म्हणजे बियांवरचं टरफल, गुजरात-राजस्थानात पिकतं, उंझ्याचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध. ते आतड्याला ढकलत नाही, पाणी शोषून मल मऊ करतं, एवढंच. म्हणून १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि पाणीच नसेल तर उलट अडकतं, तुमच्याकडं तेच चाललंय. सवयीचं म्हणाल तर ती भीती सोनामुखीच्या चूर्णाबद्दल जास्त बोलली जाते, ह्याची तशी नाही.
खरी गोम थायरॉईडच्या गोळीत आहे. इसबगोलाबरोबर घेतली की गोळी नीट शोषली जात नाही, चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. आणि थायरॉईड कमी पडलं की काय होतं? बद्धकोष्ठ! म्हणजे आबा ज्यासाठी इसबगोल घेतायत तेच वाढायचं, मग अजून एक चमचा. त्यामुळं सकाळी फक्त गोळी. इसबगोल रात्री, बाकीच्या गोळ्यांपासनं दोन तास तरी लांब, पण लगेच आडवं व्हायचं नाही. एका छोट्या चमच्यापासनं सुरुवात, आठवड्यानं वाढवा, गुबारा कमी होतो. पण आज पोट एवढं गच्च आहे तर आधी बंदच ठेवा.

पाटलीणबाई
आमच्या सासूबाई कोमट दुधातनं घेतात, आणि जुलाब लागले तर दह्यातनं, दोन्हीला चालतं म्हणतात. हे कसं काय?

गोळीवाला_शाहूपुरी
ताई, पाणी धरून ठेवतं ना ते, म्हणून पातळ असलं तर घट्ट करतं आणि घट्ट असलं तर मऊ. वाईट कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं, अमेरिकेत १९९८ पासनं इसबगोलातल्या रोज ७ ग्रॅम विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) फायबरवर हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो असा दावा पाकिटावर छापायला परवानगी आहे. म्हणून तांबडा रस्सा दुप्पट ओढायचा असं नव्हे. आणि शुगरवाल्यांनी संत्र्याच्या स्वादाचं पाकीट उलटं करून वाचावं, त्यात बऱ्याचदा साखर असते. गोळ्या चालू असल्या तर शुगरवर लक्ष ठेवा, इसबगोलानं ती थोडी उतरू शकते.

मास्तर_निवृत्त
सगळं बरोबर, पण ६६ व्या वर्षी दोन महिन्यांपासनं पोटाची रीत बदलली हे कुणी धरलंच नाही. रक्त जातंय का, वजन उतरलंय का, उलटी आहे का? पोट फुगून वायूही सरत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गिळायला त्रास असेल तर इसबगोल नकोच. मी मूळव्याध समजून लाजत दिवस काढले, शेवटी तपासणीत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत वाढलेली गाठ, निघाला.

रंकाळ्याचा_वारा
मास्तर, तुमचं वाचून जरा धसका घेतला. विचारलं तर रक्त नाही म्हणाले, वायू सरतोय, पण प्यांट ढिली झालीय हे आईनं सांगितलं, आबा गप्पच. डबा माळ्यावर टाकलाय. उद्या दहाची वेळ घेतलीय, थायरॉईडची तपासणी पण करून घेतो. आबा म्हणालेत येतो, पण येताना मिसळ खायची.