तीनशे दोनच्या भिंतीवरचा डाग (बी विंगचा ग्रुप)

मंदार (३०२): [फोटो] नमस्कार मंडळी. दिवाळीआधी हॉल रंगवायचा म्हणून पेंटर लावला. सोफ्यामागे, स्कर्टिंगपासून दोनेक फुटांवर चहाच्या रंगाचा डाग होता. त्याने खरवडून लांबी (पुट्टी) भरली, प्लास्टिक पेंटचे दोन हात मारले. आठव्या दिवशी डाग पुन्हा हजर, जरा मोठाच होऊन. ४०२ मध्ये बाथरूमची काही गळती आहे का?

शैलाकाकू (४०२): मंदार, तुझ्या हॉलवर आमचा हॉल आहे, बाथरूम नाही. बारा वर्षं राहतोयस.

मंदार: काकू, राग मानू नका, सहज विचारलं.

शैलाकाकू: ग्रुपवर विचारलंस. वर येऊन विचारतास तर चहाही मिळाला असता.

१०१: [गुलाबाचं चित्र] शुभ सकाळ 🌹

जोशीकाका (सचिव): खर्चाचं आधीच सांगून ठेवतो. बाहेरून पावसाचं पाणी येत असेल किंवा सामाईक लाइन गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. फ्लॅटमधल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती सभासदाची. उपविधीत तसं आहे. कारण कळल्यावर लेखी अर्ज द्यावा. फोटो म्हणजे अर्ज नव्हे.

२०४: माझ्याकडे वॉटरप्रूफिंगवाला आहे. गच्चीवर केमिकल मारून देतो.

जोशीकाका: डाग तिसऱ्या मजल्यावर, गच्ची सातव्यावर. असो.

नीलेश (१०३): मंदार, साइटवर होतो, आत्ता पाहिलं. वरून पाणी आलं असतं तर छताशी किंवा निदान भिंतीच्या वरच्या भागात काही दिसलं असतं. तुझी वरची भिंत कोरी आहे, तेव्हा काकूंना सोड. हात लावल्यावर गार, ओलसर लागतं? कडेला पांढरी पावडर आहे?

मंदार: गार लागतंय. पावडर आहे, बोटाला मिठासारखी लागते.

नीलेश: तो खार. भिंतीतून पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. म्हणजे तेलकट डोक्याचा डाग नाही, आत पाणी आहे. दोन गोष्टी कर. पेन्सिलने डागाची कड आखून शेजारी तारीख लिही. आणि फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटव, दोन दिवस ठेव. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीची. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा.

मंदार: पेंटर म्हणतो, डॅमप्रूफचा एक हात मारू, विषय संपेल.

नीलेश: अजिबात नको. आतलं पाणी तसंच राहिलं तर महिन्याभरात फुगे येऊन पोपडे पडतील. डाग पहिल्यांदा कधी दिसला?

मंदार: मे महिन्यात. पावसाळ्यात जवळजवळ गेला होता, म्हणून लक्ष दिलं नाही. आता पुन्हा.

नीलेश: उन्हाळ्यात येतो, पावसात जातो, ऑक्टोबर हीटमध्ये परत येतो. भिंतीच्या पलीकडे काय आहे?

मंदार: बेडरूम. बरोबर तिथेच वर एसी आहे 🤦 ड्रेनचा पाइप भिंतीत दाबून ड्राय बाल्कनीत काढलाय.

नीलेश: एसी बंद करून इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये हळूहळू एक लिटर पाणी ओत, पाइपच्या तोंडाशी बादली ठेव. मोजून बघ.

जोशीकाका: ड्रिल वगैरे लावायचं झाल्यास दुपारी १ ते ४ नाही.

*(दोन दिवसांनी)*

मंदार: [फोटो] प्लास्टिकला भिंतीकडून थेंब. डाग पेन्सिलच्या रेघेबाहेर बोटभर गेलाय. ओतलं एक लिटर, बादलीत आलं जेमतेम पाव. एसीवाल्याने तोंडाकडून ओढून काढलं तर काळपट, शेंबडासारखा गाळ निघाला, वीतभर. शिवाय स्कर्टिंगच्या वरच्या वळणावर सांधा सुटलाय आणि पाइपला उतारच नाही. बसवताना कुणी बघितलंच नाही, मीसुद्धा.

शैलाकाकू: म्हणजे पाणी तुझंच.

मंदार: हो काकू. माफ करा.

नीलेश: तो पाइप आता विसर, नवा बाहेरून उतार देऊन काढ. डागावरचं फुगलेलं प्लास्टर पार खरवड, पंखा लाव, सोफा पुढे ओढून ठेव. खार कोरड्या ब्रशने झाड, पाण्याने धुवू नकोस, क्षार परत आत जातील. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा प्लास्टिक लाव. ते कोरडं निघालं तरच पुढे. डागावर आधी ऑइल प्रायमर. प्लास्टिक पेंटमध्ये पाणी असतं, ते डाग विरघळवून वर आणतं. तुझे दोन हात म्हणूनच वाया गेले.

मंदार: दोन-तीन आठवडे? दिवाळी पुढच्या शुक्रवारी आहे!

नीलेश: मग तीन भिंती रंगव.

मंदार: बायकोनेही तेच ठरवलंय. चौथी भिंत दिवाळीनंतर. जोशीकाका, अर्ज देत नाही.

जोशीकाका: 👍

मंदार: फराळाला सगळ्यांनी या. फक्त सोफ्यामागे बघू नका.

शैलाकाकू: आम्ही सोफ्यावरच बसू. चहा मात्र डागाच्या रंगाचा कर, पांचट नको.