खासगी पार्किंगचा ‘दंड’: वसुलीवाल्यांच्या पत्रांना भीक घालायची का?

रेडिंगकर
इथे इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या ग्रुपवर सतत तोच फोटो येतो. पार्किंगच्या पैशांसाठी वसुली कंपनीचं लाल अक्षरांतलं पत्र, ‘अंतिम सूचना’, १७० पौंड. खाली लगेच सल्ले सुरू: “भरून टाक बाबा, परक्या देशात भानगड नको.” मला हे अजिबात पटत नाही. वसुली कंपनीच्या पत्राला घाबरून एक पेनीही देऊ नये.

सुपरमार्केटच्या किंवा रिटेल पार्कच्या आवारात खासगी कंपनी जे लावते तो दंडच नाही. काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, दंड वेगळा, तो भरावाच लागतो. ही कंपनी डीव्हीएलएला (गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) २.५० पौंड देऊन तुमचा पत्ता मिळवते आणि करार मोडला म्हणून बिल पाठवते. वसुलीवाला तर तिसराच माणूस. तो बेलिफ, म्हणजे कोर्टाचा वसुली अधिकारी, नाही. त्याला घरात शिरता येत नाही, सामान उचलता येत नाही, क्रेडिट रेकॉर्डला हात लावता येत नाही. मूळ बिलाच्या १०० चे १७० झाले ते कुठल्या कोर्टाने केलेले नाहीत, वरचे ७० त्यांनीच चढवलेत. आणि नव्याने आलेली मुलं पहिल्या पगारातून हे पैसे भरतात, याची मला चीड येते.

लीड्सचे काका
अहो रेडिंगकर, ‘दंड नाही म्हणजे देणं नाही’ हे २०१५ नंतर चालत नाही. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी दोन तासांच्या मुदतीवर ५६ मिनिटं जास्त गाडी ठेवली. ८५ पौंड लागले. ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले आणि हरले. पाटी ठळक असेल, तर आकारणी कायदेशीर आहे असं कोर्टाने सांगितलं. तेव्हा चूक आपली असेल तर १४ दिवसांत भरा, १०० चे ६० होतात, विषय संपला. उगाच तत्त्वाच्या गप्पा मारून पोरांना कोर्टात ढकलू नका.

रेडिंगकर
काका, तो निकाल मीही वाचलाय. तो ८५ पौंडांबद्दल होता, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या. वसुलीच्या नावाखाली वर चढवलेल्या ७० बद्दल नव्हता. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याचं चौथं परिशिष्ट बघा. गाडी ज्याच्या नावावर आहे त्या कीपरकडून, पहिल्या नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. तीही नोटीस वेळेत यायला हवी. कॅमेऱ्याने पकडलं असेल आणि काचेवर काही लावलं नसेल, तर १४ दिवसांत. उशिरा आली तर ते फक्त ड्रायव्हरच्या मागे लागू शकतात. ड्रायव्हर कोण होता हे सांगायची सक्ती तुमच्यावर नाही.

लीड्सचे काका
म्हणजे गाडी आपण लावायची आणि ‘कोण होतं सांगत नाही’ म्हणायचं? आपल्या मुलांना हेच शिकवायचं का? दुकानदाराला त्याची जागा त्याच्या गिऱ्हाइकांसाठी हवी असते, हे आपण का विसरतो?

क्रॉयडनची वैनी
काका, प्रत्येक वेळी जागा अडवलेली नसते हो. आमच्या शेजारच्या आजींनी मशीनवर गाडीचा नंबर टाकताना शून्याच्या जागी ओ दाबला. पैसे भरलेले, पावती हातात, तरी नोटीस आली. अशा वेळी गप्प भरणं हा प्रामाणिकपणा नव्हे. दुकानाच्या मॅनेजरला पावती दाखवा, ते पुष्कळदा रद्द करून देतात. नाही ऐकलं तर कंपनीकडे लेखी अपील, तिथे फेटाळलं तर पॉप्ला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्थांकडे. कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल त्याप्रमाणे. पॉप्लाला २८ दिवस मिळतात.

मिल्टन कीन्सची ताई
मी लायब्ररीत लोकांना फॉर्म भरायला मदत करते, म्हणून दोघांनाही सांगते. रेडिंगकर, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण ‘पत्र आलं की टाका कचऱ्यात’ असा अर्थ लोक काढतात आणि तिथे नुकसान होतं. वसुलीची पत्रं फाइलला लावा, उत्तर नको. पण ‘लेटर ऑफ क्लेम’, म्हणजे कोर्टात जाण्याआधीचं मागणीपत्र, आलं की खेळ बदलला. उत्तर द्यायला ३० दिवस असतात, सोबत रिप्लाय फॉर्म असतो, तो भरून पाठवायचाच. त्यानंतर कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर १४ दिवसांत पोच द्या, म्हणजे बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. कोर्टाचा कागद आणि वसुलीचा कागद यांत फरक एवढाच बघा: कोर्टाच्या कागदावर क्लेम नंबर असतो आणि कोर्टाचा शिक्का असतो.

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, आपल्या साताऱ्याकडचं. तीन वर्षांत तीन भाड्याची घरं बदललेली. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, पत्ता पहिल्याच घराचा. क्लेम फॉर्म तिकडे गेला, उत्तर कुणी दिलं नाही, निकाल विरुद्ध लागला. त्यांना कळलं कधी, तर मॉर्गेजचा अर्ज अडकला तेव्हा. ती सीसीजेची, म्हणजे पैसे भरा असं सांगणाऱ्या कोर्टाच्या निकालाची, नोंद ६ वर्षं राहते. निकालापासून महिन्याच्या आत पूर्ण भरलं तर पुसली जाते, पण पत्रच हातात नसेल तर महिना कधी सरला ते कळणार कसं?

नवीन_विद्यार्थी
ताई, यामुळे व्हिसावर गुन्हा लागतो का? रूममेट म्हणतो पोलिसांत नाव जातं.

मिल्टन कीन्सची ताई
नाही रे. हा दिवाणी मामला आहे. पोलिसांचा याच्याशी काही संबंध नाही. त्या भीतीपायी १७० भरू नकोस. पण कोर्टाचं पत्र आलं तर मला दाखव, एकटा बसून घाबरू नकोस.

लीड्सचे काका
ताईंचं बोलणं पटलं. तरी चूक आपली असेल तर पहिल्या १४ दिवसांत मूळ कंपनीला ६० द्यावेत, यावर मी ठाम आहे. वसुलीवाल्याला मात्र देऊ नका.

रेडिंगकर
काका, ६० सुद्धा पाटी आणि वेळ तपासल्याशिवाय नको. पाटीचा फोटो काढा, रात्री दिवे नसतील तर तोही. कंपनीकडे तुमच्या नावाचा जो डेटा आहे तो मागवा, फुकट मिळतो.

मिल्टन कीन्सची ताई
आणि ज्यांनी घर बदललंय त्यांनी आजच डीव्हीएलएच्या साइटवर लॉगबुकचा पत्ता बदला. पैसे लागत नाहीत. जुनं प्रकरण चालू असेल तर पार्किंग कंपनीलाही नवा पत्ता लेखी कळवा आणि त्या ईमेलची प्रत ठेवा.