मदत हवी आहे: गोल्फ जीटीआय गाडीला १८ ऐवजी १७ इंची रिम बसते का?

गोल्फ जीटीआय, पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशीच), टायर २२५/४० आर१८. रोज वाकड-हिंजवडीच्या गर्दीत रांगणं, खरा आनंद रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात. खड्ड्यांमुळे पुढच्या डाव्या टायरला पुन्हा फुगवटा आलाय. हवेचा दाब नेमका ठेवला, रस्ताही बदलून पाहिला, उपयोग नाही.

२२५/४५ आर१७ घेतले तर साइडवॉल (टायरची बाजूची उंची, जी खड्ड्याचा धक्का झेलते) ९० वरून सुमारे १०१ मिमी होते आणि एकूण व्यास जेमतेम ३ मिमीने घटतो, त्यामुळे स्पीडोमीटरची काळजी नाही. वॉरंटी आहे, सस्पेन्शनला हात लावणार नाही. घाटातली पकड मात्र गमवायची नाही, गाडी घेतलीच त्यासाठी.

ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा: १७ ची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरला घासते का, आणि कोणत्या ऑफसेटची (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या बैठकीचं अंतर) नीट बसली?